पदव्युत्तर शिक्षणसंस्थेची निवड आणि क्रमवारीचे गणित

अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष लागले की घरात आणि वसतिगृहात एकच प्रश्न सुरू होतो : पुढे एम. टेक. कोठे करणार, आणि त्या संस्थेचा नंबर कितवा? बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकणारा विद्यार्थीही याला अपवाद नाही. आयुष्यातली दोन वर्षे आणि वडिलांच्या शिलकीचा मोठा भाग ज्यावर खर्च व्हायचा, तो निर्णय एका आकड्यावर सोपवावा काय, याचा येथे विचार करू.

प्रथम हा आकडा कसा तयार होतो ते पाहू. आपल्या देशात केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. अभियांत्रिकी संस्थांसाठी तिच्यात शंभरपैकी गुणांची वाटणी अशी आहे : अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचे निकाल व पुढील वाटचाल २०, सर्व थरांतील विद्यार्थ्यांचा समावेश १० आणि लौकिक १०. लौकिक म्हणजे इतरांचे त्या संस्थेविषयीचे मत.

आता दोन काल्पनिक संस्था घेऊ. ‘अ’ संस्थेला वरील क्रमाने १८, २४, १४, ६ आणि ७ गुण मिळाले; बेरीज ६९. ‘ब’ संस्थेला २४, १८, १६, ७ आणि ३ मिळाले, बेरीज ६८. यादीत ‘अ’ वर आणि ‘ब’ खाली. परंतु लौकिकाचे गुण वगळून पाहा : ‘अ’चे ६२ होतात, ‘ब’चे ६५. क्रम उलटला! दोन्ही संस्थांत काहीच बदलले नाही. बदलला तो फक्त आपला मापदंड.

याचा अर्थ क्रमवारी खोटी असते असा मात्र नव्हे. ज्याला संशोधन करावयाचे आहे त्याने २४ विरुद्ध १८ हा फरक पाहून ‘अ’ संस्थेचा विचार करणेच योग्य. ज्याला उत्तम अध्यापन हवे आहे त्याला ‘ब’ अधिक सोयीची. शिवाय नोकरी देणारे कित्येकजण अर्जांची पहिली चाळणी संस्थेच्या नावावर लावतात, हेही विसरून चालणार नाही. पहिल्या आणि शंभराव्या संस्थेतील अंतर खरे असते. आठव्या आणि अकराव्या संस्थेतील अंतर बहुधा बेरजेच्या रीतीतून आलेले असते.

दुसरी गोष्ट अशी की हा क्रमांक संस्थेचा असतो, विभागाचा नव्हे. आपण शिकणार असतो एका विभागात, आणि प्रबंध लिहिणार असतो एका मार्गदर्शकाच्या हाताखाली.

बडोद्याचेच एक उदाहरण घ्या. ते अभियांत्रिकीचे नसले तरी बोधप्रद आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली येथून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पीएच. डी. त्यांनी १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून केली. अमेरिकेतील अग्रगण्य विद्यापीठांत त्याची गणना होत नव्हती. पुढे आपली ओढ जीवशास्त्राकडे आहे हे ओळखून ते सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. २००९ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. पण संस्थेच्या नावापेक्षा विषयाची निवड अधिक दूरवर नेऊ शकते, एवढे त्यातून नक्की दिसते.

म्हणून यादीचा उपयोग दहा-बारा नावे निवडण्यापुरता करावा. नंतर प्रत्येक विभागाविषयी चौकशी करावी : आपल्या विषयाचे किती प्राध्यापक तेथे प्रत्यक्ष काम करीत आहेत? प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत की कुलपात? गेल्या तीन वर्षांतील विद्यार्थी कोठे लागले? प्रबंध वेळेत पूर्ण होतात काय? शिष्यवृत्ती धरून घरून किती पैसे लागतील? याची उत्तरे तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्याला पत्र लिहूनच मिळतात.

ही उत्तरे कागदावर मांडा, त्यांना आपल्या गरजेप्रमाणे गुण द्या आणि बेरीज करा. तयार होणारी क्रमवारी कदाचित कोठेही छापली जाणार नाही. परंतु ती आपली स्वतःची असेल.