प्रिंटर नवा, संगणक जुना आणि मधे राउटर

नगरच्या (कागदोपत्री अहिल्यानगरच्या, नाव २०२४ मध्ये बदलले, जीभ अजून वळायची आहे) जुन्या भागातल्या एका घराच्या माडीवर विंडोज एक्सपीचा संगणक आजही चालतो. तो प्रस्तुत लेखकाचा. हौस म्हणून ठेवलेला नाही. त्यावर पेजमेकर आहे, श्री-लिपीची जुनी आवृत्ती आहे आणि मागच्या बाजूला खोचलेले बोटभर लॉक आहे, ज्याच्याशिवाय ती आवृत्ती उघडतच नाही. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया विधी, हरिनाम सप्ताहाची पत्रके असा वीसेक वर्षांचा मजकूर त्यात पडून आहे. या फायली नव्या लॅपटॉपवर उघडल्या की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि अर्धविरामांची रांगोळी दिसते. ते फॉन्ट युनिकोडचे नव्हेत; त्या काळी मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरात भाड्याने राहत. डीटीपीवाल्यांकडे म्हातारे संगणक टिकून आहेत ते बरेचसे यामुळेच.

जुन्या प्रिंटरने मान टाकली आणि नवा लेझर प्रिंटर घरी आला. दुकानात लेखकाने एकच प्रश्न विचारला होता, “जुन्या कॉम्प्युटरला चालेल ना?” उत्तर मिळाले, “काका, वायरलेस आहे, कशालाही चालतो.” ऐकायचे होते तेच ऐकायला मिळाल्यावर खोक्याची दुसरी बाजू कोण वाचतो?

‘वायरलेस’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की प्रिंटर राउटरशी तारेविना बोलतो. संगणकाची भाषा त्याला कळते की नाही, हा प्रश्न ड्रायव्हरचा. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला थांबला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर बाजारात आलेल्या प्रिंटरसोबत एक्सपीचा ड्रायव्हर मिळण्याची आशा धरू नये. विंडोज ७ साठी कधी कधी मिळतो, पण ३२ बिट की ६४ बिट हे आधी पाहावे. लेखकाने पाहिले नाही आणि एक अख्खी दुपार चुकीची फाईल उतरवण्यात घालवली.

त्याआधी राउटरनेच छळले. हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा, आणि घरातल्या राउटरने २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले. दोघांना वेगळी नावे दिल्यावर प्रिंटर लगेच जोडला गेला. दगडी भिंतींच्या घरात २.४ च बरे, ५ ची लहर अशा भिंतीपाशी लवकर दम सोडते. पुढे, मुलाच्या मोबाइलला प्रिंटर दिसेना. तो ‘गेस्ट’ नेटवर्कवर होता. पाहुण्यांना घरातल्या वस्तू दाखवायच्या नाहीत, हे राउटरचे कामच.

मग वीज गेली. ती परत आली तेव्हा लॅपटॉप म्हणू लागला, प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर तर दिवे लावून समोर बसलेला! राउटर नव्याने सुरू झाला, त्याने पत्ते पुन्हा वाटले आणि प्रिंटरच्या वाट्याला दुसरा आयपी पत्ता आला. लॅपटॉप जुन्याच दारावर टकटक करत होता. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवणे हे पहिले काम, ड्रायव्हर नंतर. लेखकाने क्रम उलटा धरला, त्यामुळे तीनदा वीज गेली आणि तीनदा प्रिंटर नव्याने बसवावा लागला.

राहिला एक्सपी. त्याला वाय-फायच्या फंदात न पाडता जिन्याच्या कडेने लॅन केबल आणून राउटरला जोडले. प्रिंटर बसवताना गंमत अशी, की ‘नेटवर्क प्रिंटर’ न निवडता ‘लोकल प्रिंटर’ निवडायचा, नवा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट तयार करायचा आणि तिथे प्रिंटरचा राखीव पत्ता द्यायचा. पोर्ट क्रमांक ९१००. ड्रायव्हर मात्र एक्सपीच्या पोटातलाच घ्यायचा. लेखकाने अंदाजाने पोस्टस्क्रिप्टचा निवडला. प्रिंटर धडाधड पाने फेकू लागला: टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे पानेच्या पाने आकडे. तार उपटेपर्यंत तीसेक कागद वाया गेले. प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नव्हती, त्याने निरोप वाचण्याऐवजी जसाच्या तसा छापला.

खोक्याची ती दुसरी बाजू तेव्हा वाचली. तिथे ‘पीसीएल ५’ लिहिले होते, हे निव्वळ नशीब. एक्सपीतला एचपी लेझरजेट ४ चा ड्रायव्हर निवडला. ते यंत्र १९९२ चे, पण भाषा तीच. पत्रिका छापली गेली, वेलांट्या-रफारांसह. खोक्यावर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यांपैकी काहीच नसेल तर हा खटाटोप करू नये. जुन्या संगणकावर फॉन्ट आत बसवून पीडीएफ करावी आणि पेनड्राइव्हने नव्यावर न्यावी. पेनड्राइव्ह तेवढा आधी व्हायरससाठी तपासावा.

सुरक्षेचे अद्ययावतीकरण बंद पडलेला संगणक इंटरनेटवर सोडणे म्हणजे दार उघडे टाकून यात्रेला जाणे. यावर युक्ती सोपी आहे. एक्सपीला हाताने आयपी पत्ता द्यावा (राउटर इतरांना वाटत नाही असा) आणि ‘डिफॉल्ट गेटवे’चा रकाना कोरा ठेवावा. मग तो प्रिंटरपर्यंत पोचतो, बाहेर जात नाही.

दुसऱ्या दिवशी सप्ताहाची पत्रके काढायला बसल्यावर प्रिंटरचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. अर्धा तास राउटर, केबल, पत्ता सगळे तपासून झाले. ड्रायव्हरमध्ये कागद ‘लेटर’ आकाराचा होता, ट्रेमध्ये ए-फोर.

प्रिंटरच्या पाठीवर आता सेलोटेपने चिठ्ठी चिकटवली आहे: पत्ता, पोर्ट, ड्रायव्हर, ए-फोर. पलीकडच्या गल्लीतला एक पत्रिकावाला परवा तिचा फोटो काढून घेऊन गेला.