स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर रोज रक्त कशाला तपासायचे?

स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढायला व्हिपल शस्त्रक्रिया करतात, तेव्हा उरलेले स्वादुपिंड बहुधा आतड्याला जोडावे लागते. खरी धास्ती या जोडाची असते. तो झिरपला तर पाचक रस पोटात साचतो, पू होतो आणि जवळची रक्तवाहिनी कुरतडली गेली तर अचानक जीवघेणा रक्तस्राव होतो. ताप किंवा दुखणे जाणवेपर्यंत आत बरेच बिघडलेले असू शकते. म्हणून ‘रोज कशाला रक्त काढता?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त असला, तरी या तपासण्या टाळू नयेत असे माझे ठाम मत आहे.

या तपासण्यांतल्या सीआरपीचे नाव कोविडने घरोघरी पोहोचवले, आणि त्याबरोबर एकेका आकड्याने घाबरण्याची सवयही. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि दाह सुरू झाला की काही तासांत वाढू लागते. मग एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते वाढणारच, त्यातून काय कळणार? शंका बरोबर आहे. सगळे सुरळीत असले तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी शिगेला पोहोचतो. पण त्यानंतर तो उतरायला हवा. उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला, तर कारण शोधावे लागते. जोडीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि ड्रेनमधल्या, म्हणजे पोटातला द्रव बाहेर आणणाऱ्या नळीतल्या, द्रवातले अमायलेज हे पाचक रसातले विकर पाहतात. तिसऱ्या दिवसापासून हे अमायलेज रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त असेल, तर रस झिरपतो आहे असे समजतात. मात्र रुग्णाला त्रास नसेल, तर त्यावर वेगळा उपचार लागत नाही.

अशाने सीटी स्कॅन उगाच वाढतील, हा दुसरा आक्षेप. काही स्कॅनमध्ये काहीच निघणार नाही, हे मान्य. पण नेदरलँड्समध्ये ही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व 17 केंद्रांत रोजची लक्षणे आणि सीआरपीसारख्या चाचण्या पाहून स्कॅन कधी काढायचा, प्रतिजैविके कधी द्यायची, याचे नियम ठरवले गेले. 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा 90 दिवसांत मृत्यू यांपैकी काही ओढवण्याचे प्रमाण 14 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर उतरले. नुसते रक्त काढून हे साधले नसते; आकडा चढताच हालचाल झाली, म्हणून साधले.

सीआरपी उतरला तरी गाफील राहू नये. रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवा. घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी, धडधड जाणवली किंवा ड्रेनमधून थोडेसेही रक्त आले, तर बाहेरच्या लॅबमध्ये चाचणी करत बसू नका. लगेच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जा.