व्याज येतं कुठून?

'क्रिप्टो नुसतं वॉलेटमध्ये ठेवून काय करतोस? एक बटण दाब, व्याज सुरू!' हे आजकाल कॅन्टीनमध्येही ऐकू येतं. बटण दाबणं सोपं आहे, मान्य. पण आपण पडलो इंजिनीअर. बटणामागचं सर्किट बघितल्याशिवाय आपल्याला चैन कसं पडणार?

वडाळ्याला आमच्या चाळीत लिलावाची भिशी चालते. वीस जण, दरमहा हजार रुपये. ज्याला नड असते तो २०,०००ची भिशी १७,०००लाच उचलतो. उरलेले ३,००० सगळ्यांत वाटले जातात, प्रत्येकी १५०. हे दीडशे आकाशातून पडत नाहीत, नडलेल्याच्या खिशातून येतात. क्रिप्टो उसनं देऊन मिळणारं व्याजही असंच. फरक एवढाच, की भिशीवाला खालच्या मजल्यावर राहतो; कंपनीने आपली नाणी कोणाला दिली हे मात्र बहुधा कळतच नाही.

दुसरा मार्ग स्टेकिंगचा. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ला मायनिंग सोडलं. आता किमान ३२ ईथर अनामत ठेवायचे, कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवून व्यवहार तपासायचे, की नेटवर्क मोबदला देतं. कॉम्प्युटर बंद पडला तर दंड, लबाडी केली तर अनामतीलाच कात्री. म्हणजे हे व्याज नव्हे, पगार आहे! तोही वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास.

पण ३२ ईथर आपल्याकडे कुठले? म्हणून 'लिडो'सारख्या सेवा निघाल्या. त्या थोडे थोडे ईथर गोळा करतात, मिळकतीतले १० टक्के कापून घेतात आणि आपल्याला विकता येईल अशी पावती देतात. सोय झकास! मात्र जून २०२२मध्ये सगळे एकदमच पावत्या विकायला धावले. मूळ ईथर तेव्हा सोडवता येत नव्हते (ती सोय एप्रिल २०२३मध्ये आली), त्यामुळे पावतीचा भाव ईथरच्या पाचेक टक्के खाली गेला. १७ टक्क्यांपर्यंत व्याजाची जाहिरात करणाऱ्या अमेरिकेतल्या 'सेल्सियस'ने त्याच महिन्यात ठेवी परत देणं थांबवलं आणि जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपल्याकडचं उदाहरण. 'गेनबिटकॉइन'ने मायनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन दिलं होतं. काढा कॅल्क्युलेटर! २०१७मध्ये अख्ख्या जगात साधारण दर दहा मिनिटांना १२.५ नवे बिटकॉइन निघत. दिवसाला १,८००, महिन्याला ५४,०००. जमा झालेले बिटकॉइन ८०,००० धरा (वर्तमानपत्रांतून साधारण हाच आकडा येत होता). त्यावर महिन्याला ८,००० द्यायचे, म्हणजे जगातल्या एकूण मायनिंगचा जवळजवळ सातवा हिस्सा एकट्या या कंपनीकडे हवा. वीजबिल वेगळंच!

२०१७मध्ये लोकांच्या हातावर बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं घरचंच नाणं ठेवण्यात आलं. एप्रिल २०१८मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पकडलं. जानेवारी २०२२मध्ये तो वारला. तपास पुढे सीबीआयकडे गेला, आणि फेब्रुवारी २०२५मध्येही छापे चालूच होते.