जीर्ण श्वासरुग्ण, औषधचाचणी आणि आपले कल्प

तमकश्वास हा याप्य व्याधी, नवोत्थित असेल तरच साध्य, असे चरकाचार्य सांगतात. मालवण किनाऱ्यावरील चुलीच्या धुराने वा विडीने जीर्ण झालेल्या श्वासरुग्णास पुण्या-कोल्हापूरकडील नव्या औषधाच्या चाचणीची आशा वाटणे म्हणूनच स्वाभाविक आहे. तो आम्हांस विचारतो, ‘वैद्यानू, जाव काय?’

चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक प्रथम पाहावा. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. संमतिपत्र मराठीत समजून घ्यावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णास असतो.

परंतु आमच्या मते अधिक दुर्लक्षित धोका आपल्याच पुडीत आहे. रुग्ण आपली औषधे तेथे सांगत नाही. त्रिकटूतील पिप्पली-मरिचांमधील पायपेरीन थिओफिलिनची रक्तातील मात्रा वाढविते. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते. साल्ब्युटामॉलनेही तेच घडते. तेव्हा चालू कल्पांची घटक व मात्रेसह यादी सहीनिशी रुग्णाजवळ द्यावी. नेहमीचा फवारा थांबविण्यास सांगितल्यास, श्वासवेग आल्यावर कोणाकडे धावावयाचे हे लेखी घ्यावे. प्रवासखर्चाचेही आधीच विचारावे. पावसाळ्यात घाट चढून वारंवार जाणे दमेकऱ्यास सोपे नाही.