ब्रेकमधली वीज

आंबा घाट उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापतात. तेथे ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती परत मिळवता येईल का?

इटलीची फेरारी कंपनी २०२३ साली, ५० वर्षांनी, फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत सर्वोच्च गटात उतरली आणि जिंकली. तिच्या ‘४९९पी’ या खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाडीत पुढच्या चाकांना विद्युत मोटर जोडलेली आहे. ब्रेक लावताच ती जनित्र बनते व बॅटरीत वीज साठवते.

समजा, १००० किलोग्रॅमच्या गाडीचा वेग सेकंदाला ९० मीटरवरून ३० मीटरवर आला. गतिज ऊर्जेतील घट = ½ × १००० × (९०² − ३०²) = ३६ लाख जूल; म्हणजे वीजबिलातले नेमके एक युनिट! मोटरची कमाल शक्ती २०० किलोवॅट. म्हणून ५ सेकंदांत फार तर १० लाख जूल परत मिळतील. उरलेले २६ लाख कोठे गेले, ते तुम्हीच सांगा.