कपाटाचे कुलूप



वाचायला बसा म्हटले की तुमची तोंडे कडू होतात. त्यात थोडा दोष आम्हा गुरुजींचाही आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट कुलपात ठेवी. पुस्तक फाटले तर भरून कोण देणार, ही धास्ती! वर्षअखेरीस मोजले तर एकही पुस्तक कमी नव्हते. दोन मात्र वाळवीने खाल्ली होती.

चौथीतली एक मुलगी वर्गात फार अडखळत वाचायची. मी रागे भरायचो. एकदा ती हळूच म्हणाली, "गुरुजी, एक पुस्तक घरी नेऊ? आजीला वाचून दाखवते. तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून ती चुका काढत नाही."

मी वरमलो. कुलूप काढून तिला 'श्यामची आई' दिले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. श्याम रोज रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, म्हणून त्यातल्या प्रकरणाला 'रात्र' म्हणतात. आजी शेंगा फोडत ऐके आणि दुसऱ्या दिवशी विचारी, "पुढं काय झालं गं?" आजीपुढे अडखळायला नको म्हणून ही दुपारीच ती रात्र मनात वाचून ठेवी. गंमत इथेच आहे. तेच पान दुसऱ्यांदा वाचताना शब्द ओळखीचे होतात, अक्षरे जुळवावी लागत नाहीत, आणि मग लक्ष गोष्टीत राहते. दिवाळीनंतर तिचे अडखळणे पुष्कळ कमी झाले. मी तर काहीच शिकवले नव्हते!

आता पुस्तक कसे निवडाल? मधलेच एखादे पान उघडा. शब्द अडला की एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या ठेवून द्या. पुढच्या वर्षी बघू. एकदोनच मिटली तर खुशाल घरी न्या. नाही आवडले तर अर्धवट सोडा, मी परीक्षा घेणार नाही. धावपळ आवडत असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, फुरसुंगीचा. मोठे काही नको असेल त्यांनी बालभारतीचे 'किशोर' मासिक चाळावे; ते १९७१ पासून निघते.

आपले कपाट खिडकीजवळ आहे, कुलूप नाही. वहीत नाव नि तारीख लिहा. पान फाटले तर लपवू नका, घेऊन या. खळ माझ्या टेबलावर आहे, दोघे मिळून चिकटवू.