विद्यापीठ लहान असले तरी गणित तेच!

प्रश्न : माझी मुलगी गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी.ला आहे. विषय गणित आणि संख्याशास्त्र. अशा लहान विद्यापीठाच्या पदवीवर आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळत नाही, असे लोक म्हणतात. तिला नागपूरला हलवावे का?
– एक पालक, गडचिरोली

उत्तर : तुम्ही ऐकलेले खरे नाही, निश्चिंत राहा. आयआयटीतील एम.एस्सी.चे प्रवेश प्रामुख्याने ‘जॅम’ परीक्षेतील गुणांवर होतात. तीन तास, शंभर गुण. गणित आणि गणिती संख्याशास्त्र असे या परीक्षेत मुलीच्या विषयांचे दोन वेगळे पेपर आहेत. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्थाही स्वतःची प्रवेश परीक्षा घेते.

अडचण येते ती मार्गदर्शनाची. ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन शिक्षण मंचावरील व्याख्याने मोफत पाहता येतात. १९९३पासून चालणाऱ्या ‘एमटीटीएस’ या गणिताच्या उन्हाळी शिबिरासाठी तिने जरूर अर्ज करावा. वास्तव विश्लेषण आणि रेषीय बीजगणित पक्के करावे : सिद्धता वाचून झाली की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर स्वतः लिहावी. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली शिकावी.

एक सावधगिरी : प्रत्येक संस्थेची विषयांची अट वेगळी असते. माहितीपुस्तिका आत्ताच वाचा. मुलीला हलवू नका. तिच्या अभ्यासाला बळ द्या.